हवेत असताना हसायचं नाही

आमच्या घरात एरंडेलाची बाटली एकच होती. आठवडाभर तिच्यातलं तेल आबांच्या कप्प्यांना जायचं आणि रविवारी सकाळी आम्हा भावंडांच्या पोटात. कप्पी कुरकुरायला लागली की आबा म्हणायचे, "हिला पाज." मी कुरकुरायला लागले की आईही तेच म्हणायची, आणि दोघी तितक्याच नाखुशीनं प्यायचो. फरक इतकाच, की तेल प्यायल्यावर कप्पी गप्प व्हायची. मी कधीच झाले नाही. माझा आवाज हा त्या घरातला कायमचा वादाचा विषय होता. आमचं घर लोणावळ्याला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. घाट चढून आलेली गाडी स्टेशनात शिरताना असा काही उसासा टाकायची, की घरातली बोलणी मध्येच थांबायची. आई ओठावर आलेला शब्द तसाच धरून ठेवायची आणि गाडी गेल्यावर पुढचं वाक्य पुरं करायची. मी मात्र थांबायची नाही. गाडीच्या वरताण बोलायची. "हा गळा घेऊन सासरी नांदणार कशी ही?" आई कपाळाला हात लावायची. आबा खाटेवरून म्हणायचे, "रुळांपल्याड दिऊ. हाक मारली की जेवाय यील."

ते घर आमच्यासाठी बांधलेलंच नव्हतं. आबांकडे ऐनाच्या लाकडाचे तीन लांबलचक खांब होते, त्यांच्यासाठी पडवी बांधली होती, आणि पडवीला चिकटून उरलेल्या जागेत आम्ही राहत होतो. चुलीच्या वर दोरखंडांची वेटोळी टांगलेली असायची, म्हणजे धुरानं ती कोरडी राहत आणि त्यांना कीड लागत नसे. त्यामुळे भाकरीला दोराचा आणि दोराला भाकरीचा वास. शेजारी चिक्कीचा कारखाना होता. दुपारी तिथे गुळाचा पाक उकळायला लागला की त्या वासात एरंडेल, धूर आणि सुकट असं सगळं मिसळून जायचं. माझ्या नातवंडांना मी हा वास वर्णन करून सांगते तेव्हा ती तोंड वाकडी करतात. करू देत. मला अजून कुठे एरंडेलाचा वास आला की भूक लागते.

आबांचा धंदा जड वस्तू उचलण्याचा. मुंबईचे लोक लोणावळ्यात बंगले बांधायचे आणि मग त्यांना माडीवर लोखंडी तिजोरी हवी असायची, न्हाणीघरात बिडाचा टब हवा असायचा, गच्चीवर पाण्याची टाकी हवी असायची. आबा तिन्ही खांबांची टोकं वर एकत्र बांधून तिकाटी उभी करायचे, तिच्या माथ्याला कप्पी लावायचे, दुसरी कप्पी वजनाला, आणि दोघींमधून दोर मागे-पुढे फिरवून त्याचं टोक गड्यांच्या हातात द्यायचे. मी लहानपणी विचारलं होतं, "आबा, एवढी तिजोरी एवढीशी माणसं कशी उचलतात?" आबा म्हणाले, "दोर जितक्या फेऱ्या घील, तितक्या जणांत वजन वाटलं जातं. पर फुकाट न्हाई. हातभर वर न्यायचं तर चार-पाच हात दोर वढावा लागतो. वजन चोरता येतं पोरी, दोर चोरता येत न्हाई." पुढे शाळेत मास्तरांनी कप्पी शिकवली तेव्हा फळ्यावर बाण काढले होते. मला त्या बाणांच्या जागी आमचे गडी दिसले.

त्या धंद्याचा एक नियम होता आणि तो घरातल्या देवापेक्षाही कडक पाळला जायचा. हाळी देणारा आवाज एकच. वजन दोरावर आलं, की त्या आवाजाशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. मालक असो, मालकीण असो, पोलीसपाटील असो. गड्यांनी वजनाकडे बघायचंसुद्धा नाही. पाठ करून, पाय रोवून, फक्त आवाज ऐकायचा. जसा आवाज तसा ओढा. मोठा आवाज आला तर मोठा ओढा, लहान आला तर लहान. आणि दुसरा नियम असा, की वजन जमिनीवर आहे तोवर थट्टा करायची, गडी हसले की अंग मोकळं होतं. पण वजन एकदा जमिनीवरून सुटलं की हसायचं नाही. हसणाऱ्याची मूठ सैल होते. तिजोरी जमिनीवर असताना आबा हाळी देत, "शेटची तिजोरी!" गडी म्हणत, "हैस्सा!" "आत काय भरलंय?" "हैस्सा!" "शेटानीची भीती!" "हैस्सा!" आणि तिजोरी जमिनीवरून सुटली, की थट्टा संपून नुसतं "घ्या… घ्या… धरा" एवढंच उरायचं.

आता गुपित सांगते. ही सगळी गाणी माझी होती. रात्रीच्या भाकऱ्या थापताना मी जोडायची आणि आबा चुलीपुढे बसून ती म्हणून बघायचे. गिऱ्हाईक कोण, वस्तू काय, घरात सासू आहे का, हे सगळं मी आधी विचारून घ्यायची. आबांचे गडी म्हणायचे, "आबा, तुमचं डोकं लय चालतंया." आबा माझ्याकडे न बघता मिशीतल्या मिशीत हसायचे. म्हणून कामशेतच्या गिरणीचं काम आलं तेव्हा मी हट्ट धरला की माझं गाणं मला ऐकायचं आहे. आई म्हणाली, "पोरीच्या जातीचं काय काम तिथं?" आबा म्हणाले, "कप्प्यास्नी तेल घालाया नको का कुनी?" आणि मी बाटली घेऊन निघाले. त्या रविवारी भावंडांचं पोट वाचलं, म्हणून तीही खूश.

कामशेतला अण्णांची भाताची गिरणी होती. जुनं इंजिन थकलं होतं आणि दिवाळीनंतर भात यायच्या आत नवं बसवायचं होतं. काळं, बुटकं, दोन्ही बाजूंना माणसाच्या छातीइतकी उंच चाकं. मालगाडीतून उतरवून ते ओंडक्यांवरून घरंगळत गिरणीच्या आवारात आणलं होतं. त्यासाठी दगडी चौथरा बांधून तयार होता. चौथऱ्याच्या दोन्ही अंगांना चाकं फिरायला खोल अरुंद चर खणलेले, आणि चौथऱ्यातून जाड बोल्ट वर आलेले. इंजिन उचलून, चौथऱ्यावर आणून, ते बोल्ट बरोबर त्याच्या भोकांत जातील असं अलगद उतरवायचं. त्यासाठी कुणीतरी चरात उतरून, खालून बघून, भोकं जुळवावी लागतात. ते काम धावजीकाकांचं. धावजीकाका भाजे गावाच्या वरच्या बाजूच्या ठाकरवाडीतले. अंगानं काडी, खांबावर चढताना माकड आणि तोंडानं माझ्यापेक्षाही वाईट. आबांचा आणि त्यांचा जोड इतका जुना होता, की दोघं भांडले तरी एकाच विडीवर भांडायचे.

त्या सकाळी आबा आणि धावजीकाका चरात उतरून मापं घेत होते. तिकाटी उभी झाली होती, प्रत्येक खांबाच्या पायाखाली आबांनी जाड फळी घातली होती, पहारीनं जमीन ठोकून आवाज ऐकला होता. तेवढ्यात अण्णांच्या म्हाताऱ्या आई, मथामावशी, डोक्यावर पदर घेऊन, काखेत भरलेली कळशी घेऊन आल्या. आमच्या मावळात दारात नवा बैल आला, नवी सून आली, तरी पायावर पाणी घालून मगच आत घ्यायची रीत. मथामावशी इंजिनाभोवती एक फेरी मारून आल्या आणि थबकल्या.

"ह्येला पाय कुटं हायत गं?" त्यांनी मला विचारलं.

"ह्याला चाकं आहेत, मावशी."

"चाकं नगं. चाक काय गाडीला बी असतं." त्यांची नजर तिकाटीवर गेली आणि चेहरा उजळला. "हायत की! चांगले तीन हायत!"

आणि त्यांनी तिन्ही खांबांच्या पायांवर, हळदकुंकू लावून, आख्खी आख्खी कळशी ओतली. दर वेळी आडावरून भरून आणून. भिंतीकडच्या तिसऱ्या खांबाशी तर गंमतच झाली. तिथलं पाणी पसरलंच नाही. ओतलं तसं गडप झालं. "बघा, तान लागली हुती लेकराला!" मथामावशी आनंदानं म्हणाल्या आणि आणखी एक कळशी घेऊन आल्या. आम्ही सगळे हसलो. अण्णाही हसले. का हसू नये? वजन अजून जमिनीवर होतं.

मग त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय कामाला हात लावू दिला नाही. आंबेमोहराचा भात, वर पिठलं, खरपूस भाजलेले बोंबील. त्या भाताच्या वासानं गडी इतके वाहवत गेले, की आबांना दम द्यावा लागला, "निम्मं पोट ठिवा रं, दोर काय मी एकटा वढू व्हय?" आम्ही बोटं चाटत होतो आणि तिकडे भिंतीजवळचं ते पाणी खाली, आणखी खाली, आपलं काम करत होतं.

जेवण झालं आणि आबांनी माझं गाणं सुरू केलं. "गिरणीची नवरी!" "हैस्सा!" "लोखंडी लुगडं!" "हैस्सा!" "सासू हाय कडक!" "हैस्सा!" "कोंडाच वाढती!" मथामावशींनी पदर तोंडाला लावला आणि हसून हसून गिरणीच्या दाराचा आधार घेतला. मला काय वाटलं सांगू? पुढे लग्नात अंगावर अक्षता पडल्या तेव्हासुद्धा इतकं छान वाटलं नाही. मग इंजिन ओंडक्यांवरून सुटलं आणि आबांचा आवाज बदलला. "घ्या… घ्या… धरा." आवार गप्प झालं. कप्प्या न कुरकुरता फिरत होत्या, हे माझ्या तेलाचं कौतुक. इंजिन तरंगत चौथऱ्यावर आलं. गड्यांनी जमिनीत रोवलेल्या जाड मेढीभोवती दोराचा वेढा दिला. धावजीकाका चरात शिरले, चौथऱ्याच्या कडेशी पाठीवर आडवे झाले, आणि खालून त्यांचा आवाज आला, "अंगठाभर डावीकडं… आनि जरा… सोड आता, हळू."

तेव्हा तो आवाज आला. मोठा नव्हता. ओल्या वाळूच्या ढिगात पाय घातल्यावर येतो तसा, खस्सकन. भिंतीकडचा खांब फळीसकट जमिनीत गेला. तिकाटी त्या अंगाला कलली, इंजिनानं हवेत गिरकी घेतली, त्याची एक बाजू चौथऱ्याच्या कडेवर आदळली आणि दुसरी बाजू धावजीकाकांच्या अंगावर, चराच्या तोंडाशी, दोराला लटकून राहिली. आतून एक "आऽ" आली आणि मग काहीच नाही.

आबा एका उडीत त्या खांबापाशी होते. त्यांनी फळीखाली पहार घातली, खांद्यावर खांब घेतला आणि अंगातला सगळा जोर लावला. खांब थांबला. पण तो आबांवर थांबला होता. गड्यांना दोर सोडता येत नव्हता. आणि आवारात, त्या धंद्यात कधी होऊ नये तेच झालं. सगळे एकदम बोलायला लागले. अण्णा ओरडत होते, "वर घ्या, वर घ्या!" कुणीतरी ओरडत होतं, "सोडा, सोडा खाली!" मथामावशी देवाला हाका मारत होत्या. पाठमोरे गडी ज्या आवाजाचं ऐकायचे तो आवाज त्या गोंगाटात नव्हताच. एकानं ओढलं, एकानं ढिलं सोडलं, दोराला हिसका बसला आणि इंजिन बोटभर खाली आलं. चरातून धावजीकाका म्हणाले, "आबा… हाळी दी."

आबांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. सगळा जोर लावलेल्या माणसाला बोलता येत नाही. बोलायचं तर श्वास सोडावा लागतो, आणि श्वास सोडला तर खांब गेला असता. त्यांची मान शिरांनी भरली होती. त्यांनी डोळे फिरवले आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनंतरही मी ती नजर विसरलेले नाही. तीत "तू" एवढंच होतं.

मी बाटली खाली ठेवली. (हो, ठेवली. सांडली असती तर पाय घसरले असते, आणि आईनं फैलावर घेतलं असतं ते वेगळंच.) आणि जन्मभर ज्या गळ्यासाठी बोलणी खाल्ली, तो पुरता उघडून ओरडले, "गप!"

अण्णा गप्प झाले. मथामावशी गप्प झाल्या. कोंड्याच्या ढिगावरचा कोंबडा गप्प झाला. मुंबईकडे जाणारी गाडीही बहुतेक थबकली असावी. सहा-सात पाठमोऱ्या माना एकदम ताठ झाल्या.

पण खरी अडचण पुढेच होती. त्या गळ्यानं मी "घ्या" म्हटलं असतं तर गड्यांनी हातभर ओढलं असतं, खांबावर भार आला असता आणि आबांसकट तो जमिनीत गेला असता. हवा होता चिमटीएवढा ओढा. आणि चिमटीएवढा आवाज मी उभ्या आयुष्यात काढला नव्हता. का कोण जाणे, आई माझ्या डोळ्यांपुढे आली. दिवाळीत चिरोट्यांवर तूप सोडताना ती चमच्याशी बोलायची, "थेंब… थेंब… बास." इतकी हळू, की आपण श्वास धरून ऐकायचो. मी तसं म्हणाले, "घ्या… थेंब."

दोर एक थेंब सरकला.

"धरा. अण्णा, ते ठोकळे आणा. कडेनं आत सरकवा. बोलू नका." कामशेतच्या बाजारात ज्यांच्या पुढे व्यापारी हात जोडायचे ते अण्णा मुकाट्यानं गुडघ्यांवर आले आणि आबांचे लाकडी ठोकळे एकेक करून कडेनं आत द्यायला लागले. खालून धावजीकाका मोकळ्या हातानं ते इंजिनाच्या बुडाखाली लावत होते. "बसला," ते म्हणाले. मी आबांकडे पाहिलं. पापणी उघडी म्हणजे चालू द्या, मिटली म्हणजे थांबा. हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं, पण ते तसंच होतं. "घ्या… थेंब. धरा." ठोकळा. "बसला." आबांची पापणी मिटली. खांब कण्हला. मी काहीच बोलले नाही. ते न बोलणं किती अवघड होतं हे ज्यांनी मला ओळखलं आहे त्यांनाच कळेल. पापणी उघडली. "घ्या… थेंब." मला आजही सांगता येत नाही हे किती वेळ चाललं. चुलीवरचं दूध उतू जाईल एवढा वेळ असेल, किंवा सबंध दुपार. एका गड्याच्या पोटरीवरून घाम खाली ओघळत होता, आणि मला आठवतं, मी मनात त्या थेंबालाही "धरा" म्हणत होते.

मग खालून आवाज आला, "शेवंते, बास. आता ठोकळ्यांनी घेतलं वजन." आणि चराच्या दुसऱ्या टोकानं, मातीनं माखलेले, खांदा सोललेले, धावजीकाका सापासारखे सरपटत बाहेर आले. गड्यांनी दोर मेढीला गाठ मारून बांधला. दोघांनी पळत जाऊन गिरणीचं झिजलेलं जातं आणून फळीला टेकवलं, मग कुठे आबांनी खांद्यावरून खांब उतरवला. ते तिथेच बसले. खचलेल्या भोकात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. ओला चिखल, आणि त्यात मूठभर भात. खाली उंदरांनी सगळं पोखरून, गिरणीचा माल पळवून, कोठार केलं होतं. वरून ठोकलं तर घट्ट, आत पोकळ. आणि त्यात चार घरं भागतील एवढं पाणी.

मथामावशींनी वाकून तो चिखल पाहिला. "म्या घातलं पानी," त्या म्हणाल्या. "आबा, म्या रं घातलं."

आबांना अजून दम लागला होता. "तुमी पाव्हन्याला घातलं, मावशी," ते म्हणाले. "उंदरांनी पिलं. तुमी काय करनार?" आणि मुठीतला चिखल झटकत, "पर उद्या मी परत खांब उभं करीन, तवा कळशी घरात ठिवा."

आज माझा नातू महामार्गावरच्या मोठमोठ्या क्रेन दाखवतो. वर काचेच्या खोलीत एक पोरगं बसलेलं असतं आणि बोट हलवलं की पूल उचलतं. मी त्याला विचारते, "अरे, हाळी कोण देतं?" तो म्हणतो, "आजी, वॉकीटॉकी असतो." मी म्हणते, असेल. पण त्यात कोण बोलतं?

तर त्या दुपारी. मथामावशी आत गेल्या आणि थोड्या वेळानं बाहेर आल्या. काखेत परत कळशी! सगळे गडी एकदम दोन पावलं मागे सरले. आबांनी तर तिकाटीपुढे हात आडवे धरले. पण म्हातारी तिकाटीकडे गेलीच नाही. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली, खाली वाकली, माझ्या दोन्ही पावलांवर हळदकुंकू लावलं आणि कळशी ओतायला लागली. गार पाणी. तोवर मला काहीच झालं नव्हतं. मी ताठ उभी होते, आवाज शाबूत होता. पायांना ते पाणी लागलं मात्र, आणि गुडघ्यांपासून खाली माझं काही उरलंच नाही. दोन्ही पाय लटलटा कापायला लागले आणि मी कलले.

पोत्यावर बसून खांद्याला हळद लावून घेणारे धावजीकाका ओरडले, "आबा, धरा! ह्यो बी खांब खचला!"

वजन खाली टेकलं होतं. आता हसायला कुणाची ना नव्हती, आणि आवारातली सगळी माणसं अशी हसली की भिंतीवरचा कोंडा खाली पडला. आबा धावत आले. त्यांनी मला धरलं, अगदी मघाशी खांब धरला होता तसंच, खांबानं सोललेल्या त्याच खांद्यावर सगळा भार घेऊन. "शाबास" म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि मी विचारलंही नाही, कारण त्यांच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या.